विश्लेषण : शेतीसाठी नोबेल नाही, मग गव्हाच्या संशोधकाला ते कसे मिळाले? नॉर्मन बोरलॉग आणि जागतिक अन्न पुरस्काराची गोष्ट

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की नोबेल पुरस्कारांची चर्चा सुरू होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यकशास्त्र, साहित्य, शांतता आणि नंतर सुरू झालेला अर्थशास्त्राचा पुरस्कार. या यादीत शेती कुठेच नाही. आल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्युपत्रात अन्न पिकवण्याच्या शास्त्राला जागा नव्हती. तरीही १९७० मध्ये एका गहू संशोधकाला नोबेल मिळाले आणि तेही शांततेचे. पुढे १६ वर्षांनी याच संशोधकाने अन्नासाठी राबणाऱ्या इतरांकरिता स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. त्याचे नाव वर्ल्ड फूड प्राइझ, म्हणजेच जागतिक अन्न पुरस्कार. पहिल्या वर्षी तो एका भारतीयाला मिळाला आणि पुढे त्याच्या मानकऱ्यांत जालन्याचेही नाव आले.

हे संशोधक म्हणजे नॉर्मन बोरलॉग. भारतात हरितक्रांतीचा विषय निघाला की त्यांचे नाव हमखास येते. पण त्यांनी नेमके केले काय, ते भारतापर्यंत कसे पोहोचले आणि स्वतःला सर्वोच्च सन्मान मिळाल्यावरही आणखी एक पुरस्कार असावा असे त्यांना का वाटले? 

बोरलॉग कोण होते?

बोरलॉग यांचा जन्म २५ मार्च १९१४ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात क्रेस्को या गावाजवळ झाला. पणजोबांच्या पिढीत नॉर्वेहून आलेले हे शेतकरी कुटुंब होते. घरची शेती, गुरे आणि एका खोलीची शाळा, असे त्यांचे बालपण गेले. मुलाने शिकलेच पाहिजे, हा आजोबांचा आग्रह होता.

पुढच्या काळात जगभरातील विद्यापीठांनी मानद पदव्या दिलेले बोरलॉग मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत मात्र नापास झाले होते. विद्यापीठाने नव्याने सुरू केलेल्या जनरल कॉलेजमधून त्यांना आत येता आले आणि नंतर त्यांनी वनशास्त्र निवडले. ते कुस्तीही खेळत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कुस्ती हॉल ऑफ फेममध्ये १९९२ साली त्यांचा समावेश झाला.

तो काळ महामंदीचा होता. मिनियापोलिसच्या रस्त्यांवर त्यांनी काम आणि अन्न मागणारी माणसे पाहिली. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी ते मध्येच काम करत. बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेत त्यांनी एका तुकडीची जबाबदारी सांभाळली. तिथे आलेली अनेक माणसे उपाशी होती. काही आठवडे पोटभर जेवण मिळाल्यावर त्यांच्या शरीरात आणि वागण्यातही झालेला बदल बोरलॉग यांनी जवळून पाहिला. हा अनुभव ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

वनशास्त्राचा पदवीधर गव्हाकडे कसा वळला?

हा योगायोगच होता. १९३७ मध्ये पदवी मिळाल्यानंतर त्यांना वन विभागात नोकरी मिळणार होती. निधी कापला गेल्याने ती गेली. त्याच सुमारास त्यांनी प्राध्यापक एल्विन स्टॅकमन यांचे व्याख्यान ऐकले. विषय होता तांबेरा.

तांबेरा हा बुरशीमुळे होणारा रोग. गव्हाच्या पानांवर आणि काडावर गंजासारखे फोड येतात. काडावरचा तांबेरा सर्वांत घातक. दाणा भरण्याच्या वेळीच तो रोपाचा अन्नरस खातो, दाणे सुकतात आणि हाताशी आलेले पीक काही दिवसांत संपते. या बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात आणि ती सतत नवी रूपे घेते. त्यामुळे आज रोगाला तोंड देणारे वाण काही वर्षांनी बळी पडू शकते.

स्टॅकमन यांच्या मार्गदर्शनाखाली बोरलॉग वनस्पती रोगशास्त्राकडे वळले आणि १९४२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ड्यूपाँट कंपनीत चांगली नोकरीही लागली. त्याच काळात रॉकफेलर फाउंडेशन आणि मेक्सिको सरकार यांनी एकत्र येऊन मेक्सिकोत शेती सुधारणेचा कार्यक्रम सुरू केला होता. १९४४ मध्ये बोरलॉग यांनी नोकरी सोडली आणि गर्भवती पत्नी मार्गारेट व लहान मुलीला मागे ठेवून ते मेक्सिकोला गेले. त्यांच्या दुसऱ्या मुलाला जन्मतःच मणक्याचा गंभीर विकार होता. तो फार काळ जगला नाही.

मेक्सिकोत त्यांनी वेगळे काय केले?

मेक्सिकोतील गहू उत्पादकांचे तांबेऱ्याने कंबरडे मोडले होते. जमीन थकलेली, उत्पादन कमी आणि देशाला लागणाऱ्या गव्हाचा मोठा वाटा बाहेरून येत होता. रोगाला दाद न देणारे नवे वाण हवे होते आणि तेही लवकर.

नवे वाण तयार करणे हे अतिशय चिकाटीचे काम आहे. गव्हाच्या एकाच फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात आणि तो स्वतःच स्वतःचे परागीकरण करतो. दोन वाणांचा संकर करायचा तर उन्हात बसून ओंबीतील प्रत्येक इवले फूल उघडायचे, चिमट्याने त्यातील पुंकेसर काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि काही दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर टाकायचे. त्यातून मिळालेले बी पेरायचे, चांगली रोपे निवडायची, पुन्हा पेरायचे. बोरलॉग आणि त्यांच्या मेक्सिकन सहकाऱ्यांनी असे हजारो संकर केले.

वर्षाला एकच पीक येत असेल तर एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. बोरलॉग यांना एवढा वेळ मान्य नव्हता. मेक्सिकोचा नकाशा पाहून त्यांनी एक तोडगा काढला. हिवाळ्यात उत्तरेकडील सोनोरा भागात, जवळपास समुद्रसपाटीला पेरणी करायची. तिथले पीक निघाले की लगेच तेच बी हजार किलोमीटरहून दूर, अडीच हजार मीटरपेक्षा उंच असलेल्या तोलुकाच्या थंड पठारावर उन्हाळ्यात पेरायचे. म्हणजे वर्षाला दोन पिढ्या आणि निम्मा वेळ.

त्या वेळचे शास्त्र याच्या विरोधात होते. बियाण्याला दोन हंगामांच्या मध्ये विश्रांती लागते आणि वाण ज्या भागासाठी आहे त्याच भागात वाढवावे, असे मानले जाई. खर्चही वाढणार होता. कार्यक्रमाचे प्रमुख जॉर्ज हॅरर यांनी परवानगी नाकारली, तेव्हा बोरलॉग यांनी राजीनामा दिला. अखेर स्टॅकमन यांनी मध्यस्थी केली आणि प्रयोग सुरू राहिला.

या प्रयोगाला शटल ब्रीडिंग म्हणतात. त्यातून एक अनपेक्षित फायदा झाला. दोन्ही ठिकाणी दिवसाची लांबी, तापमान, माती आणि रोग वेगवेगळे होते. ज्या रोपांना दिवस मोठा की लहान याने फरक पडत नव्हता, तीच दोन्हीकडे टिकली. म्हणजे वेळ वाचवता वाचवता असे वाण तयार झाले जे जगात अनेक ठिकाणी वाढू शकत होते. मेक्सिकोत तयार झालेला गहू पुढे पंजाबात रुजू शकला, याचे मूळ इथे आहे. १९५६ पर्यंत मेक्सिको गव्हाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला.

बुटका गहू म्हणजे काय?

तांबेऱ्यावर मात केल्यावर दुसरी अडचण समोर आली. उत्पादन वाढवायचे तर खत आणि पाणी हवे. पण जुने वाण उंच आणि बारीक काडाचे होते. खत दिले की ओंब्या भरायच्या, त्या वजनाने आणि वाऱ्याने पीक आडवे व्हायचे. पीक लोळले की दाणा खराब आणि कापणी अवघड. म्हणजे जास्त खत टाकून उलट नुकसानच.

याचे उत्तर जपानमध्ये होते. गोंजिरो इनाझुका या जपानी पैदासकाराने नोरिन १० नावाचे आखूड, दणकट काडाचे वाण तयार केले होते आणि १९३५ मध्ये ते नोंदवले गेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी कृषितज्ज्ञ सेसिल सॅल्मन यांनी त्याचे बी अमेरिकेत आणले. वॉशिंग्टन राज्यातील ऑरव्हिल व्होगेल यांनी त्याचा स्थानिक गव्हाशी संकर केला आणि त्यातले बी बोरलॉग यांना पाठवले.

या गव्हातील जनुकांमुळे रोप वाढीच्या संप्रेरकाला पूर्ण प्रतिसाद देत नाही. काड आखूड राहते, पण ओंबी लहान होत नाही. काडात जाणारे अन्न दाण्याकडे वळते आणि भरपूर खत देऊनही रोप उभे राहते. मेक्सिकोतला पहिला प्रयत्न तांबेऱ्यामुळे वाया गेला. पुढच्या प्रयत्नांना यश आले आणि १९६२ मध्ये पितिक ६२ व पेंजामो ६२ हे बुटके वाण शेतकऱ्यांच्या हाती पडले. १९६३ मध्ये मेक्सिकोचे गव्हाचे उत्पादन १९४४ च्या तुलनेत सुमारे सहापट झाले होते.

हा गहू भारतात कसा आला?

दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे पुसा येथे, डॉ. एम. एस. स्वामिनाथन याच प्रश्नावर काम करत होते. भारतीय गहूही खत दिले की लोळत होता. त्यांनी व्होगेल यांच्याशी संपर्क साधला. व्होगेल यांचा गहू कडाक्याच्या हिवाळ्याच्या प्रदेशासाठी होता. भारताला उपयोगी पडेल असा गहू बोरलॉग यांच्याकडे मिळेल, असे त्यांनी सुचवले. मार्च १९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले, गव्हाच्या पट्ट्यात फिरले आणि त्यानंतर चार बुटक्या वाणांचे प्रत्येकी १०० किलो बियाणे भारताला मिळाले.

देशाची स्थिती तेव्हा बिकट होती. पीएल ४८० करारानुसार अमेरिकेतून गव्हाची जहाजे येत आणि तो गहू थेट रेशन दुकानांत जाई. १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षे मोठा दुष्काळ पडला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. १९६६ मध्ये भारताला सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले.

नव्या बियाण्याला सगळेच अनुकूल नव्हते. परदेशी वाण, जास्त खत आणि परकीय चलनाचा खर्च यावर दिल्लीत जोरदार वाद झाले. केंद्रीय कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी संशोधकांना पाठबळ दिले आणि दिल्लीतील आपल्या सरकारी बंगल्याच्या आवारातही हा गहू पेरला.

१९६५ मध्ये भारतासाठी २५० टन आणि पाकिस्तानसाठी ३५० टन बियाणे निघाले. ट्रक मेक्सिकोहून लॉस एंजेलिस बंदराकडे निघाले तेव्हा त्या शहरात वॉट्स भागात दंगल उसळली होती. जहाज निघाले आणि इकडे भारत-पाकिस्तान युद्ध पेटले. बियाणे पोहोचल्यावर आणखी एक धक्का बसला. मेक्सिकोच्या गोदामात प्रमाणाबाहेर धुरी दिल्याने त्याची उगवणशक्ती घटली होती. बोरलॉग यांनी तातडीने एकरी दुप्पट बियाणे पेरायला सांगितले. तरीही आलेले पीक आधीच्या वाणांपेक्षा सरस ठरले. पुढच्याच वर्षी भारताने १८ हजार टन बियाणे मागवले. एवढी मोठी बियाणे खरेदी त्याआधी जगात झाली नव्हती.

१९६८ चा हंगाम निर्णायक ठरला. आधीचा विक्रम सुमारे १.२ कोटी टनांचा होता. त्या वर्षी गहू सुमारे १.७ कोटी टनांवर गेला. पंजाबात पोती, बैलगाड्या आणि गोदामे कमी पडली. काही ठिकाणी शाळा बंद ठेवून वर्गात गहू साठवावा लागला. जुलै १९६८ मध्ये गहू क्रांतीचे टपाल तिकीट निघाले.

या यशाचे श्रेय एकट्या बोरलॉग यांचे का?

नाही, आणि ते स्वतः तसे मानतही नसत. मेक्सिकन गव्हाचा दाणा लाल होता. भारतीय घरांत पोळी-चपातीसाठी पिवळसर, चमकदार दाणा लागतो. बाजारात लाल गव्हाला भाव कमी मिळे. भारतीय पैदासकारांनी मेक्सिकोहून आलेल्या साहित्यातून निवड करून कल्याणसोना आणि सोनालिका हे पिवळसर दाण्याचे वाण दिले. घरोघरी खरे पोहोचले ते हे गहू.

म्हणजे पोळीच्या एका घासामागे जपानमधील इनाझुका, अमेरिकेतील व्होगेल, मेक्सिकोतील बोरलॉग आणि त्यांचे तरुण सहकारी, पुसातील शास्त्रज्ञ, धोका पत्करणारे मंत्री आणि अनोळखी बियाणे आपल्या शेतात टाकणारे शेतकरी अशी साखळी होती. यातले एक नाव जगाला माहीत झाले. इनाझुका यांचे नाव आजही गव्हाच्या अभ्यासकांबाहेर क्वचितच कोणी ऐकलेले असते.

शांततेचेच नोबेल का?

२१ ऑक्टोबर १९७० रोजी नोबेलची बातमी आली तेव्हा बोरलॉग तोलुकाच्या शेतात होते. पत्नी मार्गारेट गाडीने तिथे पोहोचल्या आणि त्यांनी ही बातमी सांगितली. त्यांना आधी ती थट्टा वाटली. नंतरही त्यांनी हातातले काम लगेच सोडले नाही.

भूक आणि अशांतता यांचा थेट संबंध आहे, हे नोबेल समितीचे सूत्र होते. आकडे त्याला दुजोरा देत होते. १९६५ ते १९७० या पाच वर्षांत भारताचे गव्हाचे उत्पादन १.२३ कोटी टनांवरून २.०१ कोटी टनांवर आणि पाकिस्तानचे ४६ लाख टनांवरून ७३ लाख टनांवर गेले होते.

ओस्लोतील भाषणात बोरलॉग यांनी मात्र विजयाची भाषा केली नाही. हरितक्रांतीने भुकेविरुद्धच्या लढाईत माणसाला तात्पुरती उसंत दिली आहे, पण लोकसंख्यावाढ आटोक्यात आली नाही तर हे यश टिकणार नाही, असा इशारा त्यांनी दिला.

मग स्वतंत्र पुरस्काराची गरज काय होती?

बोरलॉग यांना शेतीसाठी नोबेल मिळाले नव्हते. शांततेच्या पुरस्कारात शेतीला एकदा जागा मिळाली होती, एवढेच. शेतीसाठी वेगळा नोबेल असावा यासाठी त्यांनी प्रयत्न केले, पण मृत्युपत्राच्या चौकटीमुळे ते शक्य झाले नाही. तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. १९८६ मध्ये जनरल फूड्स या अमेरिकी कंपनीच्या साह्याने जागतिक अन्न पुरस्काराची स्थापना झाली.

निकष सोपा आहे. जगातील अन्नाचा दर्जा, प्रमाण किंवा उपलब्धता वाढवणाऱ्या व्यक्तीला हा पुरस्कार मिळतो. देश कोणताही आणि क्षेत्र कोणतेही असो. बियाणे, माती, मासे, दूध, पोषण, कर्ज, धोरण, सगळे यात बसते. यामागे बोरलॉग यांचा एक हिशेब होता. नावे समोर आली तर तरुण मुले या क्षेत्राकडे वळतील, असे त्यांना वाटत होते. पोट भरलेले असले की अन्नामागचे काम दिसेनासे होते, ही त्यांची खंत होती.

१९८७ मध्ये पहिला पुरस्कार स्वामिनाथन यांना मिळाला. त्या रकमेतून त्यांनी चेन्नईत आपले संशोधन प्रतिष्ठान उभे केले. १९८९ मध्ये दुग्धक्रांतीचे जनक डॉ. व्हर्गिस कुरियन मानकरी ठरले. मूळ प्रायोजक बाजूला झाल्यावर १९९० मध्ये आयोवातील उद्योजक जॉन रुआन यांनी पुरस्काराची जबाबदारी घेतली आणि तो बोरलॉग यांच्याच राज्यात, डेस मॉइन्स शहरात स्थिरावला. १६ ऑक्टोबरच्या जागतिक अन्न दिनाच्या आसपास तो दिला जातो. सध्या त्याची रक्कम ५ लाख डॉलर आहे.

१९९४ मध्ये बांगलादेशचे मुहम्मद युनूस यांना लहान कर्जांच्या कामासाठी हा पुरस्कार मिळाला. शांततेचे नोबेल त्यांना त्यानंतर १२ वर्षांनी मिळाले. भाताचे गुरदेव खुश, पौष्टिक मक्याचे सुरिंदर वासल, मत्स्यशेतीचे मोदादुगु विजय गुप्ता, मृदाशास्त्रज्ञ रतन लाल ही भारतीय वंशाची नावेही या यादीत आहेत. वासल यांच्यासोबत २००० मध्ये मेक्सिकोच्या एव्हान्जेलिना विलेगास यांना हा सन्मान मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. २०१४ चे मानकरी संजय राजाराम तर मेक्सिकोत बोरलॉग यांच्याच हाताखाली तयार झाले आणि त्यांचा गहू कार्यक्रम पुढे त्यांनीच चालवला.

महाराष्ट्राचा संबंध काय?

१९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. तेव्हा सुधारित बियाण्याचे काम मुख्यतः सरकारी संस्थांकडे होते. शेतकऱ्यांना शिकवून त्यांच्याच शेतात संकरित ज्वारी, बाजरी आणि कापसाचे बियाणे तयार करायचे आणि ते दूरच्या खेड्यापर्यंत पोहोचवायचे, ही पद्धत त्यांनी रुजवली. आज जालना बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले जाते, त्याची सुरुवात इथून झाली. प्रयोगशाळेतले वाण शेतकऱ्याच्या पिशवीत कोण आणि कसे पोहोचवणार, या प्रश्नाचेही मोल असते, हे या निवडीने दाखवले. बारवाले यांचे २०१७ मध्ये निधन झाले.

टीका कोणती झाली?

हरितक्रांतीची किंमतही मोजावी लागली. बुटका गहू कमाल उत्पादन देतो तो हमखास पाणी आणि भरपूर खत मिळाले तर. त्यामुळे पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशाला मोठा लाभ झाला. कोरडवाहू भाग, त्यात मराठवाडा आणि विदर्भही आले, मागे राहिला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी मिलो महाराष्ट्रातील जुन्या पिढीला आजही आठवते. दुसरीकडे पंजाबात भूजल खोल गेले, रासायनिक खते व कीटकनाशकांचा वापर वाढला आणि अनेक स्थानिक वाण शेतातून नाहीसे झाले.

बोरलॉग यांनी या टीकेला आयुष्यभर उत्तरे दिली. एकरी उत्पादन वाढले नसते तर तेवढेच धान्य पिकवायला आणखी जंगले तोडावी लागली असती, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. हा युक्तिवाद भक्कम आहे, पण त्याने पाण्याचा प्रश्न सुटत नाही. रासायनिक शेती आणि जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या बाजूने ते ठाम होते, त्यामुळे पर्यावरणवाद्यांशी त्यांचे खटके उडत राहिले.

त्यांनी सुरू केलेला पुरस्कारही वादापासून दूर राहिला नाही. २०१३ मध्ये जनुकीय तंत्रज्ञानातील तीन शास्त्रज्ञांना तो मिळाला. त्यात मॉन्सँटो कंपनीच्या अधिकाऱ्याचा समावेश असल्याने जगभर आक्षेप घेतले गेले.

नोबेलनंतर त्यांनी काय केले?

ते निवृत्त झाले नाहीत. १९८४ मध्ये इथिओपियात भीषण दुष्काळ पडला तेव्हा जपानचे दानशूर उद्योजक र्‍योइची सासाकावा यांनी त्यांना आफ्रिकेसाठी काम करण्याची विनंती केली. तेव्हा बोरलॉग सत्तरीत होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासह त्यांनी तिथे शेतकऱ्यांच्या शेतावर प्रात्यक्षिके सुरू केली. पीक वाढले, पण रस्ते आणि बाजारपेठ नसेल तर वाढलेले पीक शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही, हे तिथे ठळकपणे दिसले. आशियातले यश आफ्रिकेत त्याच वेगाने आले नाही.

मग जुना शत्रू परत आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस युगांडात काडावरच्या तांबेऱ्याचे नवे रूप सापडले. त्याला यूजी ९९ असे नाव पडले. जगातील बहुतेक गहू त्याला बळी पडू शकत होता. तांबेरा संपला असे समजून अनेक ठिकाणी त्यावरचे संशोधन आणि निधी दोन्ही आटले होते. २००५ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या बोरलॉग यांनी जाहीर इशारा दिला आणि अनेक देशांच्या शास्त्रज्ञांना एकत्र आणले. त्यातून प्रतिकारक वाण शोधण्याचे काम पुन्हा जोमाने सुरू झाले आणि ते आजही सुरू आहे.

अखेरचा दिवस

भारताने २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले. १२ सप्टेंबर २००९ रोजी डॅलस येथे वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत एका शास्त्रज्ञाने त्यांना आफ्रिकेतील मातीसाठी तयार केलेल्या नत्र मोजण्याच्या नव्या साधनाची माहिती दिली होती. हे साधन शेतकऱ्यापर्यंत न्या, असे त्यांनी सांगितले आणि ते त्यांचे शेवटचे शब्द ठरले, अशी आठवण त्यांचे निकटवर्तीय सांगतात.

त्यांच्या नावाने दक्षिण आशियासाठी गहू आणि मक्याची संशोधन संस्था आज भारतात काम करते. डेस मॉइन्समध्ये दर ऑक्टोबरला एक नवे नाव पुकारले जाते. बहुतेकांनी ते आधी कधी ऐकलेले नसते आणि हा पुरस्कार सुरू करण्यामागचे कारणही नेमके तेच होते.